सुई टोचल्यावर शरीरात काय होते?

बसलेला माणूस उठून उभा राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त क्षणात पोटाकडे आणि पायांकडे उतरते. मेंदूला रक्त कमी पडून डोळ्यांपुढे अंधारी यायला हवी, पण बहुतेक वेळा तसे काही होत नाही. मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत दाबाची खबर ठेवणारे मज्जातंतू असतात. दाब घसरल्याचे ते मेंदूच्या तळाशी कळवतात, तिथून हृदयाला वेग वाढवण्याचा आणि रक्तवाहिन्यांना आकसण्याचा आदेश सुटतो. हे सगळे काही सेकंदांत उरकते. माणसाला एवढेच ठाऊक असते, की आपण उभे राहिलो.

रक्तातली साखर, शरीराचे तापमान, आतड्यांची हालचाल, मूत्राशयाचे भरणे आणि रिकामे होणे, जखमेभोवतीचा दाह किती वाढू द्यायचा आणि कधी शमवायचा, हे सगळे असेच आपल्या नकळत चालते. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात शरीराच्या आतल्या वातावरणाच्या स्थैर्याची कल्पना मांडली. अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात तिला होमिओस्टॅसिस हे नाव दिले आणि १९३२ साली 'द विस्डम ऑफ द बॉडी' या पुस्तकात ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. मराठीत आपण तिला समस्थिती म्हणतो. तिची सूत्रे मुख्यतः स्वायत्त मज्जासंस्था, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती यांच्या हाती असतात.

या पुस्तकाचा विषय या व्यवस्थेबद्दलचा एकच प्रश्न आहे. बाहेरून टोचलेली केसासारखी बारीक सुई या आतल्या कारभारात खरोखर हस्तक्षेप करू शकते का? करत असेल तर कोणत्या वाटेने, किती, आणि कोणत्या अवयवापर्यंत? ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात गुडघेदुखीसाठी गेलेल्या माणसाला, सुयांनी झोप सुधारेल, पचन सुधारेल, रक्तदाब ताळ्यावर येईल, एकूण शरीराचा तोल साधेल, असे सांगितले जाते. सांगणारा बहुधा मनापासून सांगत असतो. माझा आग्रह इतकाच, की तोल म्हटले की कशाचा तोल ते सांगितले पाहिजे. रक्तदाब असेल तर तो मोजता येतो. आतडे असेल तर त्याची हालचाल मोजता येते. मोजून पाहिल्यावर काही दावे टिकतात, काही कोसळतात. कोणते टिकतात आणि का, यात विलक्षण रस घेण्यासारखे बरेच आहे, आणि ते मराठी वाचकासमोर नीट मांडायची वेळ केव्हाच आली आहे.

आधी थोडा इतिहास. 'हुआंगदी नेइजिंग' हा चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत आकाराला आला. शरीरातून वाहणारे 'ची' आणि त्याचे मार्ग यांची मांडणी त्यात आहे. सोंग राजवटीत, १०२७ च्या सुमारास, वांग वेइयी या राजवैद्याने विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी बिंदू कोरलेले पुरुषभर उंचीचे काशाचे पुतळे घडवून घेतले. ही परंपरा अखंड आणि निर्विवाद चालत आली, असा समज मात्र बरोबर नाही. १८२२ साली छिंग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेत सुईउपचार शिकवण्यावर बंदी घातली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चंग दान-आन या वैद्याने बिंदूंच्या जागा आधुनिक शरीररचनाशास्त्राशी ताडून पाहिल्या, रक्तवाहिन्यांवरून त्या बाजूला सरकवल्या आणि बारीक सुया प्रचारात आणल्या. आज जगभर दिसणारे ॲक्युपंक्चर बरेचसे या सुधारणेतून घडलेले आहे. त्याच्या प्राचीनतेचा दाखला देऊन त्याची परिणामकारकता सिद्ध होत नाही, आणि जुन्या परिभाषेवर बोट ठेवून ते खोटेही ठरवता येत नाही.

आपल्याकडे हमखास विचारला जाणारा एक प्रश्न इथेच निकालात काढतो. सुश्रुताने सांगितलेली १०७ मर्मे म्हणजेच ॲक्युपंक्चरचे बिंदू, असे लिहिलेले अनेकदा वाचायला मिळते. सुश्रुतसंहितेतली मर्मे ही इजा झाली तर मृत्यू किंवा अपंगत्व ओढवेल अशी स्थाने आहेत. शल्यवैद्याने ती जपायची असतात. काही जागा जुळतात म्हणून दोन्ही शास्त्रे एक होत नाहीत.

भारतात ॲक्युपंक्चर आले त्या वाटेवर मात्र एक मराठी नाव आहे. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक तिकडे गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. शांतारामबापूंच्या चित्रपटाने ते नाव घरोघरी पोहोचवले. कोटणीस शल्यचिकित्सक होते. युद्धभूमीवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. सुईउपचार शिकून तो भारतात रुजवण्याचे काम केले ते बसूंनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन आल्यावर. पुढे सुरू झालेल्या काही ॲक्युपंक्चर संस्थांना कोटणिसांचे नाव दिले गेले ते त्या मैत्रीची आठवण म्हणून. अलीकडच्या काळात महाराष्ट्राने या उपचारासाठी स्वतंत्र कायदा करून परिषदही स्थापन केली आहे. म्हणजे प्रश्न आता परक्या देशातल्या कुतूहलाचा राहिलेला नाही. आपल्या गावातल्या रुग्णांचा तो प्रश्न आहे.

पाश्चात्त्य जगाचे लक्ष वळले ते १९७१ साली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीचे औषध टोचून, भूल देऊनच झाली. नंतर पोटात गुबारा धरून अस्वस्थता वाढली तेव्हा त्यांना सुया लावल्या गेल्या, आणि त्याबद्दल त्यांनी त्या वर्षीच्या जुलैत लिहिले. वर्षभरात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले. त्यानंतर 'सुयांवर भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियां'च्या कहाण्यांना उधाण आले. रेस्टन यांचा मूळ अनुभव शस्त्रक्रियेनंतर मंदावलेल्या आतड्यांचा होता, ही गोष्ट त्या गदारोळात हरवली. पुढे आतड्यांकडे येऊ तेव्हा ती लक्षात ठेवावी अशी आहे.

प्रयोगशाळेतली पहिली भक्कम पावले वेदनेच्या क्षेत्रात पडली. बीजिंगमध्ये हान जीशंग १९६५ पासून या प्रश्नामागे लागले होते. निरोगी स्वयंसेवकांच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बिंदूवर सुई फिरवत ठेवली, की वेदना जाणवण्याची मर्यादा हळूहळू वाढत जाते, अर्ध्या तासाच्या आसपास वर पोहोचते आणि सुई काढल्यावर हळूहळूच उतरते, असे त्यांच्या गटाला दिसले. त्या जागी आधी प्रोकेन टोचून मज्जातंतू बधिर केले तर हा परिणाम होत नव्हता. चढउतार संथ असल्याने यामागे एखादे रसायन असावे असा तर्क निघाला. मग सुई लावलेल्या सशाच्या मेंदूतला द्रव काढून दुसऱ्या, सुई न लावलेल्या सशाला देण्यात आला. त्या दुसऱ्या सशाचीही वेदना सोसण्याची ताकद वाढली.

ते रसायन कोणते, याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. १९७५ साली स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारे अफूसदृश पदार्थ, एन्केफॅलिन, शोधून काढले. पाठोपाठ टोरोंटोच्या ब्रूस पोमेरान्झ यांनी उंदरांमध्ये दाखवले, की अफूचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिले तर विद्युत-ॲक्युपंक्चरचा वेदनाशामक परिणामही नाहीसा होतो. माणसांच्या दातदुखीवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगातही तसाच निष्कर्ष निघाला. हान यांनी पुढे आणखी बारकावा शोधला. सुयांतून सेकंदाला २ स्पंदनांचा प्रवाह सोडला तर एन्केफॅलिन आणि एंडॉर्फिन स्रवतात, १०० स्पंदनांचा सोडला तर डायनॉर्फिन. त्याच जागी, त्याच सुईने, केवळ लय बदलल्यामुळे मज्जासंस्थेचा प्रतिसाद बदलला.

मला हा निष्कर्ष सगळ्या पुस्तकाचा पाया वाटतो. सुई म्हणजे गोळी नव्हे, की इतके मिलिग्रॅम घेतले आणि काम झाले. ती मज्जासंस्थेला दिलेला एक संकेत आहे. तो कोणत्या जातीच्या तंतूंनी उचलला, किती जोराने, कोणत्या लयीत, आणि त्या क्षणी शरीर कोणत्या अवस्थेत होते, यावर उत्तर ठरते.

सुईच्या टोकाशीही काही घडते. २०१० साली मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदराच्या गुडघ्याखालच्या 'झुसान्ली' बिंदूवर अर्धा तास सुई ठेवून ती मधूनमधून फिरवली. आसपासच्या ऊतीत ॲडिनोसिन या रेणूचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. ॲडिनोसिन वेदनेचे तंतू शांत करते. त्याचा ग्राहक रेणूच नसलेल्या उंदरांमध्ये सुईचा उपयोग झाला नाही. हेलेन लँजव्हिन यांनी तर सुई फिरवताना हाताला जाणवणाऱ्या 'पकडी'चा माग काढला. फिरत्या सुईभोवती संयोजी ऊतीचे धागे गुंडाळले जातात आणि दूरवरच्या पेशींचा आकारही बदलतो. वेदनेच्या बाबतीत आणखीही एक यंत्रणा आहे. शरीराच्या एका भागात पुरेशी तीव्र वेदना झाली, की दुसऱ्या भागातली वेदना मंदावते, हे १९७९ मध्ये ल बार आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मज्जारज्जूत मोजून दाखवले. त्यासाठी बिंदू नेमका असण्याची गरज पडत नाही. सुईचा किती परिणाम बिंदूचा आणि किती केवळ टोचण्याचा, हा वाद इथूनच सुरू होतो.

वेदना ही जाणीव आहे. नियमन त्याहून वेगळे. हृदय, जठर, मूत्राशय, ॲड्रेनल ग्रंथी यांना सुईचे काय? या प्रश्नावर टोकियोच्या अकिओ सातो यांनी आयुष्य वेचले, आणि त्यांच्या कामाची दखल सामान्य वाचकांपर्यंत फारशी पोहोचली नाही याची मला खंत आहे. सातो यांनी प्रयोग पूर्ण भूल दिलेल्या उंदरांवर केले. या अटीचे महत्त्व फार मोठे आहे. बेशुद्ध उंदराला डॉक्टरवर विश्वास नसतो, बरे होण्याची आशा नसते, घाबरण्याइतके भानही नसते. अशा उंदराच्या पोटावर सुई फिरवली तर जठराची हालचाल मंदावली. मागच्या पंजावर फिरवली तर वाढली. पोटावरचा संकेत मज्जारज्जूच्या त्याच पट्ट्यात शिरून अनुकंपी मज्जातंतूंमार्फत जठराला आवर घालतो, पायावरचा संकेत मेंदूच्या तळापर्यंत चढून व्हेगस मज्जातंतूमार्फत जठराला चालना देतो. दोन्ही उत्तरे कुठून आली हे मज्जातंतू कापून पडताळले गेले.

या वाटेचा अलीकडचा टप्पा म्हणजे चिउफू मा यांचे हार्वर्डमधले काम. त्याकडे जाण्याआधी एवढे सांगायला हवे, की व्हेगस मज्जातंतू शरीरातल्या दाहाला लगाम घालतो हे केविन ट्रेसी यांच्या प्रयोगांतून या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले होते. २०१४ मध्ये लुईस उल्लोआ यांच्या गटाने दाखवले, की उंदराच्या पायाला दिलेले विद्युत-ॲक्युपंक्चर व्हेगसमार्फत ॲड्रेनल ग्रंथीतून डोपामिन सोडवते आणि जंतुसंसर्गानंतरचा जीवघेणा दाह कमी करते. मग मा यांनी विचारले, की पायच का? २०२० आणि २०२१ मध्ये त्यांनी उत्तर दिले. उंदराच्या मागच्या पायात, हाडाच्या आवरणाजवळच्या खोल पडद्यांमध्ये, एका विशिष्ट जातीचे संवेदी तंतू दाट असतात. पोटाच्या भिंतीतल्या पडद्यांत ते तसे नाहीत. हे तंतू नष्ट केले, की पायावरच्या सुईतून दिलेल्या मंद प्रवाहाचा व्हेगस-ॲड्रेनल वाटेवरचा परिणाम संपतो. उलट, प्रकाशाने फक्त हेच तंतू चेतवले तर सुईविनाही तो मिळतो.

पोटावर जोरदार प्रवाह दिला तेव्हा वेगळीच वाट उघडली, मज्जारज्जूतून प्लीहेकडे जाणाऱ्या अनुकंपी तंतूंची. तिथे एक धोक्याची गोष्ट दिसली. जंतूंचे विष देण्याआधी हा उपचार केला तर दाह कमी झाला. विषाचा अंमल चढल्यानंतर केला तर तो वाढला. जागा, जोर आणि वेळ या तिन्हींपैकी एक चुकले तर हाच उपचार घातक ठरू शकतो. शरीराला लागेल तेवढाच तोल सुई आपोआप साधते, हे दवाखान्यांत सांगितले जाणारे तत्त्व या एका प्रयोगापुढे टिकत नाही. या प्रयोगांतून चिनी ग्रंथांतले मार्ग किंवा आजच्या प्रमाणित यादीतले ३६१ बिंदू सिद्ध होत नाहीत, हेही स्पष्ट आहे. सिद्ध होते ते एवढे, की सुई कुठे टोचली याला अर्थ आहे, आणि तो अर्थ मज्जातंतूंच्या वाटणीत आहे. प्रयोग उंदरांवरचे होते, विष देऊन मुद्दाम आजारी पाडलेल्या उंदरांवरचे. माणसाला जंतुसंसर्ग झाला असताना यावर भिस्त ठेवणे हा जिवाशी खेळ होईल.

माणसांवर आलो, की अडचण उभी राहते ती बनावट सुईची. नव्या औषधाच्या चाचणीत तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. सुईचे काय करणार? १९९८ मध्ये जर्मनीत श्ट्राइटबेर्गर यांनी जादूगाराच्या सुरीसारखी मुठीत सरकणारी बोथट सुई तयार केली. ती त्वचेला टेकते, टोचल्यासारखी वाटते, पण आत शिरत नाही. काही चाचण्यांत मात्र खरीच सुई भलत्या जागी उथळ टोचली जाते, आणि तीही मज्जासंस्थेला काहीतरी सांगतेच. जर्मनीतल्या पाठदुखीच्या मोठ्या चाचणीत ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, भलत्या जागी उथळ टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. या आकड्यांवरून दोन्ही बाजूंनी विजयाच्या घोषणा झाल्या. मला त्यात दिसते ते असे, की टोचून घेणे, त्यासाठी वेळ काढून आडवे पडणे, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देणे, या सगळ्याचा दुखण्यावर मोठा परिणाम होतो, आणि नेमक्या बिंदूचा वाटा त्यात लहान असतो. पुढे व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी २० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हाही खऱ्या सुईची सरशी दिसली, पण ती लहानच होती.

आराम वाटणे आणि अवयव सुधारणे या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर असू शकतात, हे बोस्टनमधल्या दोन अभ्यासांतून जितके लख्ख दिसते तितके मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. पहिला २०११ चा, दम्याचा. रुग्णांना आलटून पालटून खरा औषधी इन्हेलर, औषध नसलेला इन्हेलर, बनावट सुया किंवा काहीच नाही, असे दिले गेले. औषधाने श्वास सोडण्याची क्षमता २० टक्के सुधारली, बाकी तिन्ही प्रकारांत ७ टक्क्यांच्या आसपास. रुग्णांना विचारले तेव्हा औषधाने ५० टक्के, औषध नसलेल्या इन्हेलरने ४५ टक्के आणि बनावट सुयांनी ४६ टक्के बरे वाटल्याचे उत्तर आले. फुप्फुसे जिथल्या तिथे होती, आणि रुग्ण खोटेही बोलत नव्हते. त्यांना खरेच बरे वाटत होते. दम्याचा झटका आलेल्या माणसाच्या बाबतीत ही तफावत प्राणघातक ठरू शकते.

दुसरा अभ्यास २०१७ चा, मनगटात मज्जातंतू दाबला गेल्याने हाताला मुंग्या येतात आणि बोटे दुखतात त्या विकाराचा, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमचा. विताली नापाडो यांच्या गटाने काही रुग्णांना मनगटाजवळ, काहींना दुसऱ्या बाजूच्या पायाच्या घोट्याजवळ खऱ्या सुया लावून विद्युतप्रवाह दिला. उरलेल्यांना न टोचणाऱ्या बनावट सुया लावल्या. त्रास तिन्ही गटांत कमी झाला. मज्जातंतूचे वहन मात्र खऱ्या सुयांच्या दोन गटांतच सुधारले. मेंदूच्या पृष्ठभागावर दोन बोटांसाठी राखलेल्या, आजारामुळे एकमेकींत घुसलेल्या जागाही खऱ्या सुयांनंतर वेगळ्या होऊ लागल्या. ज्यांच्यात ही सुधारणा अधिक झाली त्यांचा आराम तीन महिन्यांनंतरही अधिक टिकला. रुग्णाच्या तोंडच्या उत्तरावर थांबलो असतो तर खरी आणि बनावट सुई सारखीच ठरली असती. दम्यात मोजमापाने दावा पाडला, मनगटात मोजमापानेच तो उभा केला.

मग नियमनाचे दावे कुठे टिकतात? माझ्या वाचनात सर्वांत ठोस पुरावा ज्या अवयवांबद्दल आहे ते म्हणजे आतडे आणि मूत्राशय, आणि यात मला योगायोग दिसत नाही. दोन्ही स्वायत्त मज्जासंस्थेच्या थेट हुकमतीखाली आहेत. जुनाट बद्धकोष्ठाच्या १०७५ रुग्णांवर चीनमधल्या १५ रुग्णालयांत झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांच्या उपचारकाळात मोकळे शौच होण्याचे प्रमाण विद्युत-ॲक्युपंक्चरने आठवड्याला सरासरी १.७६ ने वाढले, बनावट उपचाराने ०.८७ ने, आणि उपचार थांबवल्यानंतरही हा फरक काही आठवडे राहिला. खोकताना, शिंकताना लघवी होणाऱ्या ५०४ स्त्रियांवर कमरेखाली, माकडहाडाजवळच्या बिंदूंवर उपचार झाले. सहा आठवड्यांनी पॅडच्या वजनावरून मोजलेली गळती खऱ्या उपचाराने ९.९ ग्रॅमनी आणि बनावट उपचाराने २.६ ग्रॅमनी घटली. त्या बिंदूंच्या खालीच मूत्राशय आणि ओटीपोटाच्या स्नायूंना पोहोचणारे मज्जातंतू मणक्यातून बाहेर पडतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडे पुन्हा चालू व्हायला लागणारा वेळही कमी झाल्याचे २४८ रुग्णांच्या चाचणीत दिसले: बनावट उपचाराच्या गटात साधारण ९० तास, खऱ्या उपचाराच्या गटात ७६. रेस्टन यांना बीजिंगमध्ये जो त्रास झाला तो याच जातीचा. शस्त्रक्रियेनंतर आणि कर्करोगाच्या औषधांनंतर होणारी मळमळ मनगटाच्या आतल्या बाजूच्या बिंदूने कमी होते, हेही बऱ्याच चाचण्यांत आढळले आहे.

रक्तदाबाबाबत मात्र चित्र निराशाजनक आहे. प्राण्यांमध्ये मेंदूच्या तळातले रक्तदाबाचे केंद्र सुईने शांत होते, हे जॉन लाँगहर्स्ट यांच्या गटाने तपशिलाने दाखवले होते. पण १९२ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत खऱ्या आणि बनावट सुईत फरक आढळला नाही. १६० रुग्णांच्या जर्मन चाचणीत दाब उतरला, आणि उपचार थांबल्यावर तीन महिन्यांत पुन्हा जिथल्या तिथे गेला. बीजकोशांच्या विकारात, पीसीओएसमध्ये, उंदरांवरचे निष्कर्ष फारच आशादायक होते. बीजकोशाकडे जाणाऱ्या अनुकंपी तंतूंची अतिरिक्त हालचाल विद्युत-ॲक्युपंक्चरने शमते, असे एलिझाबेत स्टेनर-व्हिक्टोरिन यांनी दाखवले होते. २०१७ मध्ये १००० चिनी स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सुयांमुळे बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले नाही, क्लोमिफेन या साध्या औषधाने वाढले. मूल व्हावे म्हणून आपल्या शहरांतली जोडपी किती पैसा आणि किती आशा कुठे कुठे वाहतात हे पाहिलेल्या कोणालाही हा निष्कर्ष लपवून ठेवण्याचा हक्क नाही. मज्जातंतूची वाट सापडली म्हणजे आजार बरा होईलच असे नाही, हे या दोन उदाहरणांनी शिकवले. वाट आहे, पण तिच्यावरून जाणारा संकेत आजाराला पुरे पडेल इतका मोठा नाही किंवा इतका टिकाऊ नाही.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक दाव्याला तेच चार प्रश्न विचारले आहेत: संकेत कोणत्या तंतूंनी उचलला, कोणत्या वाटेने गेला, अवयवात काय मोजले, आणि बनावट सुईच्या तुलनेत किती फरक पडला. काही प्रकरणांत चारही उत्तरे मिळतील, काहींत एकच. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बंद करून सुयांवर राहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नये, हे मी इथेच निक्षून सांगतो. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. छातीवर आणि खांद्यावर टोचताना फुप्फुसाला भोक पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, म्हणून तिथे शरीररचना जाणणाराच हात हवा. प्रशिक्षित हातांत हा उपचार बराच सुरक्षित आहे, हे मोठ्या पाहण्यांतून दिसलेले आहे.

माझी खरी उत्सुकता पुढच्या प्रयोगाबद्दल आहे. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पोटाच्या शस्त्रक्रिया रोज होतात. त्यातल्या संमती देणाऱ्या रुग्णांना, नेहमीचे सर्व उपचार चालू ठेवून, शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर, पायावर किंवा पोटावर, मंद किंवा जोरदार प्रवाह चिठ्ठ्या टाकून द्यावा, एका गटाला बनावट सुया लावाव्यात, रक्तातले दाहाचे रेणू ठरावीक तासांनी मोजावेत, हृदयाच्या ठोक्यांमधली कमीजास्त होणारी अंतरे नोंदवावीत आणि आतडे केव्हा चालू झाले ते लिहून ठेवावे. जोरदार प्रवाह पोटावर नंतर देण्याचा गट उंदरांत धोक्याचा ठरला होता, तेव्हा तो नीतिसमितीने वगळला तरी चालेल. उरलेल्या गटांवरूनही उंदराच्या पायातली ती वाट माणसाच्या पायात आहे की नाही, हे कळू लागेल. त्यासाठी लागणारा शल्यविभाग, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि ॲक्युपंक्चर शिकलेले डॉक्टर महाराष्ट्रातच आहेत. सातव्या प्रकरणाच्या शेवटी अशा अभ्यासाचा आराखडा दिला आहे. तरुण डॉक्टरांनी पुस्तक तिथून वाचायला सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.